कुऱ्हाडीविना हिवाळा

२२ मार्च

आजपासून नोंदी. मोठं काम हाती घेतलं की पहिल्या दिवसापासून लिहावं. नंतर कोणी माहिती विचारली तर शोधाशोध नको.

गेंचोला जाऊन आज चाळीस दिवस झाले. रुसकाने जेवण घातलं. एकेचाळीस वर्षं तो माझा शेजारी, ती त्याची बायको. तिला विधवा म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. टेबलाभोवती पंधरा माणसं होती. मी रिवाजाप्रमाणे पेल्यातली थोडी राकिया जमिनीवर सांडली, उभा राहिलो आणि जाहीर केलं, की येत्या हिवाळ्यात रुसकाच्या घरात लाकडाची एक ढलपी लागणार नाही. गव्हाचं काड, मक्याची बुरकुंडं, सूर्यफुलाची टरफलं, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, सगळं दरवर्षी शेतात कुजतं नाहीतर फुकट जळतं. त्याच्या मी जळाऊ विटा करणार. घट्ट दाबलेल्या. लाकडापेक्षा जास्त उष्णता. कुऱ्हाडीविना हिवाळा!

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. प्रसंगही तसा नव्हता. सरपंच झ्लात्का खोकली. रुसका म्हणाली, आधी सूप पी, गार होतंय. ही संमती समजतो.

येताना तिच्या फाटकावर नवं शोकपत्रक पाहिलं. तो गेला तेव्हाचं अजून पावसाने निघालंसुद्धा नव्हतं, त्याच्यावरच हे चाळीस दिवसांचं चिकटवलंय. आता सहा महिन्यांचं लागेल, मग वर्षाचं. फोटो त्यांच्या मुलाच्या, मिलेनच्या लग्नातला आहे. गेंचो दात काढून हसतोय. शेजारी मी उभा होतो, मला कापून टाकलंय. पण नीट कापता आलं नाही, माझा डावा कान राहून गेला. त्यामुळे फाटकावर, बसथांब्यावर, दुकानाच्या दारावर, जिथे बघावं तिथे गेंचो आणि माझा कान.

त्याच्या अंगणात ओंडके तसेच पडलेत. ओकचे, गाठीगाठीचे, सव्वीस. सत्ताविसावा अर्धा चिरलाय आणि कुऱ्हाड त्यातच रुतून राहिलीय. कोणी काढत नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ दिसतं. लाकूड हलक्या प्रतीचं आहे, नाहीतर मीच फोडून दिलं असतं.

११ फेब्रुवारीला माझी पाठ धरली होती. नोंद असावी म्हणून लिहिलं.

२९ मार्च

बंद पडलेल्या तेलगिरणीत गेलो. तिथे मी एकतीस वर्षं इंजिनियर होतो. कागदोपत्री तंत्रज्ञ. सूर्यफुलाच्या बिया दाबायचा जुना स्क्रू अजून आहे, गंजलाय पण शाबूत. बिया घातल्या की तेल बाहेर. काड घातलं की वीट बाहेर. तत्त्व एकच.

झ्लात्काकडे लेखी परवानगी मागितली होती. तिने उत्तर दिलं नाही, म्हणजे हरकत नाही.

हातगाडीवरून लोखंडाच्या चार खेपा आणल्या. पाठीने अजिबात कुरकुर केली नाही.

५ एप्रिल

स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावला. ऊन फार येतं. खिडकी उत्तरेची आहे, तरी पण.

लोक काहीबाही बोलतात, म्हणून एकदा स्पष्ट लिहून टाकतो. दरवर्षी लाकूड आम्ही दोघं मिळून फोडायचो. शनिवारी त्याच्या अंगणात, रविवारी माझ्या. एकाने फोडायचं, दुसऱ्याने रचायचं. बोलणं एकमेकांना शिव्या देण्यापुरतं. या जानेवारीत मी दुकानात जळाऊ विटांबद्दल वाचलेलं चार लोकांना समजावून सांगत होतो, तर गेंचो सगळ्यांसमोर म्हणाला, पांतेलेय, तीस वर्षं बिया दाबल्यास, तुझ्या डोक्यातून एक थेंब निघाला नाही, आता काडातून काय काढणार आहेस? सगळे हसले. मी म्हणालो, मग तुझं लाकूड तूच फोड. तो म्हणाला, फोडीन की. इतकंच. याला भांडण म्हणत नाहीत.

मग थंडी लांबली, त्याचं फोडलेलं लाकूड संपलं. ११ फेब्रुवारीला सकाळी त्याने कुंपणावरून हाक मारली होती हे खरं आहे. पण नेमका त्याच वेळी प्लेव्हेनहून बहिणीचा फोन आला. तासभर बोलत बसली. हृदय कोणाचं कधी बंद पडेल हे बहिणीला कसं कळणार?

२० एप्रिल

यंत्र जोडलं. मोटर सुरू केली. पहिला रिझल्ट: आवाज उत्तम, वीट नाही. काड एका बाजूने आत जातं आणि दुसऱ्या बाजूने तसंच बाहेर येतं, फक्त विस्कटलेलं.

आवाज मात्र असा आहे की दुसरं काहीही ऐकू येत नाही. हा या यंत्राचा मोठा फायदा आहे.

१४ मे

रोज अकराला मोटर सुरू, बाराला बंद. शिस्त ती शिस्त. झ्लात्का कुंपणाशी येऊन कानांवर हात ठेवून ओरडली, काका, गावात दोनशे माणसं उरलीत, त्यातली अर्धी बहिरी, उरलेली तुम्ही करताय! आणि नेमकं अकरालाच का? मी सांगितलं, त्या वेळी विजेचा दाब चांगला असतो. ती म्हणाली, काका, ग्रामपंचायतीत तर त्या वेळी दिवे मिणमिणतात. मी म्हणालो, माझ्याकडे असतो.

बुरकुंडं घालून पाहिली. स्क्रूचा एक दात गेला. माझाही एक दात हलतोय, पण त्याचा संबंध नाही.

२ जून

वीज गेली. अकरा वाजून दोन मिनिटांनी.

अंगणात उभा होतो. गावात एवढी शांतता असते हे विसरलोच होतो. आधी कोंबड्या ऐकू आल्या. मग कुंपणापलीकडून ठक्. मग परत ठक्. मग काही नाही.

ठक्‌ठक् चं काही वाटत नाही. सुतारपक्षी असणार, अक्रोडाचं झाड पोकळ झालंय. ते नंतरचं काही नाही, ते मात्र सहन होत नाही. ते संपतच नाही. टोपी न घेता दुकानापर्यंत चालत गेलो आणि वीज येईपर्यंत तिथेच बसून राहिलो. एक वेफर बिस्किट खाल्लं. तिथेही दारावर गेंचो आणि माझा कान.

निर्णय: विजेवर अवलंबून राहणं धोक्याचं. डिझेल इंजिन शोधणे.

१८ जुलै

ऐतिहासिक दिवस! ११ वाजून ४० मिनिटांनी पहिली वीट. तपकिरी, कोमट, हाताच्या लांबीची. उभी केली तर उभी राहिली. नव्या काडात ओल बरोबर होती, शिवाय सूर्यफुलाची टरफलं निम्मी. लोक उगीच हसतात.

ताटलीत घेऊन लगेच रुसकाकडे निघालो. आमच्या फाटकात तिचे दोन तुकडे झाले, तिच्या फाटकात चार. टेबलावर ठेवली तेव्हा ताटलीत काड होतं. रुसकाने शांतपणे झाडून घेतलं. म्हणाली, वास मात्र छान आहे, सुगीचा.

मी सांगितलं की हे प्रयोगाच्या पातळीवर आहे. ती म्हणाली, बस, कॉफी ठेवते. कॉफी पिताना माझी पाठ त्या अंगणाकडे येईल अशी खुर्ची घेतली. हवा त्या बाजूने बरी येते.

११ ऑगस्ट

सहा महिने. कबरीवर पाद्र्याने वाईन ओतली. फाटकावर तिसरं शोकपत्रक. फोटो तोच.

मिलेन वालेन्सियाहून आलाय. मला बाजूला घेऊन म्हणाला, काका, राग मानू नका, एक विचारतो. त्या दिवशी बाबांनी तुम्हाला हाक मारली होती का? मी सांगितलं, मला ताप होता, अंथरुणात होतो. तो म्हणाला, असं होय. मग म्हणाला, हे ओंडके कोणाकडून तरी फोडून घेतो, आईला हिवाळ्यात हवेत. मी एकदम आवाज चढवला. म्हणालो, खबरदार! मी शब्द दिलाय, विटा तयार होतायत, त्या ओंडक्यांना कोणी हात लावायचा नाही. पाद्री आमच्याकडे बघायला लागला.

मिलेन दुपारभर घराच्या मागे टेप धरून भिंत मोजत होता. शहरात राहून मुलं विचित्र होतात.

१६ सप्टेंबर

पद्धत बदलली. यंत्र फार जोर लावतं, काडाला ते मानवत नाही. आता ओली पद्धत: काड बारीक कापायचं, पाण्यात भिजवायचं, थोडी चिकणमाती, साच्यात हाताने दाबायचं, पडवीत वाळवायचं. तीनशे दहा विटा झाल्या. हात सोलवटले. समाधान मोठं आहे.

मोटर अजूनही रोज अकराला लावतो. रिकामीच. गंजू नये म्हणून.

९ ऑक्टोबर

आठ दिवस पाऊस. विटांना कोंब फुटले.

काडात गव्हाचे दाणे राहिले होते. तीनशे दहा विटा हिरव्यागार, बोट बोट उंच. कोंबड्या पडवीतून हलत नाहीत. रुसका अंडी द्यायला आली आणि बघतच राहिली. मग हसायला लागली. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. म्हणाली, पांतेलेय, अरे तू जळण पेरलंस! गेंचोने हे बघायला हवं होतं.

मग तिने डोळे पुसले. दोघं त्या हिरव्या विटांकडे बघत उभे होतो. तो असता तर वर्षभर पुरवून पुरवून हसला असता, गावभर सांगितलं असतं, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. मी म्हणालो, मला कामं आहेत, आणि आत आलो. काम काही नव्हतं.

२ नोव्हेंबर

मृतांचा शनिवार. स्मशानात सगळं गाव. रुसकाने साखर घातलेले उकडलेले गहू कागदाच्या पेल्यातून वाटले. मला दोनदा दिले. म्हणाली, तू त्याच्या वाटचेही खा, तुमचं असंच चालायचं. घशाखाली उतरेनात. सुकले होते थोडे.

घरी येऊन वहीची मागची पानं चाळली. ११ फेब्रुवारीला एका ठिकाणी पाठ आहे, एका ठिकाणी फोन, एका ठिकाणी ताप. तिन्ही खरं असू शकतं. माणसाला एका दिवसात बरंच काही होतं.

तांत्रिक: मातीऐवजी कागदाचा लगदा वापरणे. कागद काडाला धरून ठेवतो आणि स्वतःही जळतो. आणि कोंब नकोत म्हणून काड आधी उकळून घेणे. हे आधीच सुचलं होतं.

प्रश्न: एवढा कागद गावात कुठे आहे?

१० नोव्हेंबर

कागद मिळाला! बसथांब्यावर. रोज समोर असूनही कोणाच्या डोक्यात आलं नाही. पंधरा वर्षांची शोकपत्रकं, एकावर एक चिकटवलेली, गादीएवढा जाड थर. पावसाने सुटून भिंतीपासून लोंबत होता. आमच्याकडे शोकपत्रक कोणी काढत नाही, ते आपोआप जायचं असतं. पण जे जवळजवळ गेलंच आहे ते काढलं तर काढलं म्हणता येत नाही, असा मी विचार केला. खराट्याच्या दांड्याने नुसता धक्का दिला. हातगाडी भरली. दुकानामागची भिंतही केली.

लगद्याला सुरेख चिकटपणा. एकशे चाळीस विटा. दगडासारख्या होतील. ओला कागद पिळला की चेहरे निघून जातात असं गृहीत धरलंय.

१३ नोव्हेंबर

चेहरे निघून जात नाहीत. शाई चांगल्या क्वालिटीची निघाली.

सकाळी अंगणात नऊ बायका. प्रत्येकीला आपलं माणूस परत हवं. एकीला विटेत सासूचा अर्धा चेहरा सापडला. ती म्हणाली, ही आयुष्यभर मला जाळत होती, पण म्हणून मी तिला स्टोव्हमध्ये घालू का? दुसरी रडत होती, ती काही बोललीच नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं. झ्लात्का म्हणाली, काका, गावात जिवंत दोनशे, भिंतीवर चारशे. तुम्ही माझं अर्ध्याहून जास्त गाव साच्यात घातलंत! मी विज्ञान समजावायला गेलो तर म्हणाली, काका, आता एक शब्द बोलाल तर तुमचंच पत्रक छापून आणीन.

शेवटी रुसकाने मिटवलं. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, विटा सगळ्या माझ्या घरी जाणार आहेत, माझ्या घरी कोणाचा अपमान होणार नाही, आता आपापल्या घरी जा, थंडी आहे. गेल्या सगळ्या. मला वाटतं माझी बाजू लोकांना पटली.

एका विटेवर गेंचोचे दात आहेत. दातांशेजारी माझा कान. दोन्ही अगदी स्पष्ट.

२६ नोव्हेंबर

विटा वाळल्या. रुसकाकडे हातगाडीने पोचवल्या, सात खेपा. तिने दारातच उतरवून घेतल्या, म्हणाली, आत मी रचते, तू दमलास. शब्द पाळला. आता कोणी काही म्हणू शकत नाही. ओंडके आहेत तिथेच आहेत, कोणाला त्यांची गरज पडलेली नाही.

८ डिसेंबर

बर्फ. उणे नऊ.

पडदा जरा बाजूला करून रुसकाच्या धुराड्याकडे लक्ष ठेवून आहे. बारा दिवसांत धुराचा एक पुंजका नाही. म्हणजे ज्वलन पूर्ण होतंय! धूर म्हणजे वाया गेलेलं जळण. माझ्या विटेत वाया काही जात नाही. असा रिझल्ट मोठ्या मोठ्या देशांत मिळत नसेल. झ्लात्काला धुराडं दाखवलं. ती बराच वेळ धुराड्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग म्हणाली, काका, तुम्ही जेवता ना वेळेवर?

माझ्याकडे उरलेल्या कोंबवाल्या विटा जाळतो. स्टोव्हची जाळी काचेसारख्या वितळलेल्या राखेने बुजते, धूर खोलीत येतो, उष्णता येत नाही. स्टोव्ह जुना आहे. घरात ओव्हरकोट घालूनच बसतो. बरं दिसतं.

१७ डिसेंबर

मोटर जळाली. १० वाजून ५५ मिनिटांनी. थोडा निळा धूर आणि संपलं.

मग अकरा वाजले. मग अकरा दहा झाले.

ही वही माझी आहे आणि कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. पाठ दुखत नव्हती. फोन आला नव्हता. ताप नव्हता. मी खिडकीत बसून शब्दकोडं सोडवत होतो. त्याने हाक मारली, पांतेलेय, ये रे, या गाठी एकट्याने होत नाहीत. मी त्याला दिसत होतो. मी मान वर केली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग एकटाच फोडायला लागला. मी ठोके मोजत होतो. मग ठोके थांबले. घड्याळात अकरा दहा. मी मोठ्याने म्हणालो, दमला! आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की दोन आडवे शब्द पटापट सुटले. म्हटलं, आता येईल परत बोलवायला, आणि या वेळी जाईन. वाट बघत होतो. अर्ध्या तासाने रुसका ओरडली.

बघायला नुसती मान वर करायची होती मला. तो ओंडक्यापाशीच पडला होता.

यंत्र दुरुस्त करून घेणे.

२४ डिसेंबर

रुसकाने नाताळच्या आदल्या जेवणाला बोलावलं. एकट्याने हे जेवण जेवायचं नसतं म्हणाली. दाढी केली, कोट घातला. बिनमांसाचे सात पदार्थ, मधोमध गोल पाव.

आत पाऊल ठेवलं आणि घाम फुटला. एवढं ऊबदार! मी म्हणालो, बघितलंस, कागदाचा लगदा! मग भिंतीकडे बघितलं. भिंतीवर पांढरी पेटी. हळू गुरगुरत होती, गरम हवा सोडत होती. वीजवाली. स्टोव्हवर फुलदाणी.

रुसका हात पुसत आली. म्हणाली, मिलेनने सप्टेंबरात बसवून घेतलं, बाहेरचा डबा मागच्या भिंतीला आहे, तुझ्या बाजूने दिसत नाही. मी विचारलं, आणि विटा? तिने कोठीचं दार उघडलं. एकशे चाळीस विटा, नीट रचलेल्या, वर स्वच्छ चादर. म्हणाली, कशा जाळू? सगळं गाव बघतंय त्यांच्यातून. आणि तुला तरी काय सांगणार होते? गेंचो गेल्यावर दीड महिना तू दाढी केली नव्हतीस, फाटकाबाहेर पडत नव्हतास. मग हे विटांचं खूळ आलं आणि माणूस चालायला लागला. म्हटलं, चालू दे. एक पुरला तेवढा पुरे.

म्हणजे मी तिला सांभाळत होतो ते हे.

खुर्चीवर बसलो. पाव मोडण्याआधी सगळं सांगितलं. शब्दकोडं, हाक, अकरा दहा, दमला म्हणालो ते, बरं वाटलं तेही. सांगताना टेबलक्लॉथवरच्या एका डागाकडे बघत होतो. वाटलं, आता उठवेल आणि दाराबाहेर काढेल. काढावंच, असंही वाटलं.

रुसकाने पाव मोडला. पहिला तुकडा घराचा, दुसरा गेलेल्यांचा, तो त्याच्या ताटलीत ठेवला. मग म्हणाली, मीही ऐकलं होतं. कुऱ्हाड थांबली ते. मी बनित्सासाठी पाऱ्या लाटत होते. म्हटलं, सिगरेट ओढत असेल. डॉक्टरने बंद केली होती, मागे जाऊन चोरून ओढायचा. म्हटलं, ओढू दे, बघितलं तर उगीच भांडण होईल. सगळ्या पाऱ्या लाटून झाल्या, चीज भरलं, भट्टीत सारलं, मग गेले. बनित्सा करपली.

हे तिने मिलेनलाही सांगितलेलं नाही.

पेटी गुरगुरत होती. मग ती म्हणाली, घावन घे भोपळ्याचं, आणि मी घेतलं, आणि दोघंही जेवलो. भूक लागली होती, याची लाज वाटली. टेबल तसंच ठेवलं. या दिवशी ते आवरायचं नसतं, गेलेले येऊन जेवतात.

२५ डिसेंबर

सकाळी कुंपणावरून विचारलं. ती म्हणाली, पाव होता तिथेच आहे.

तो रागावलाय असं नाही. तो नाहीच. दहा महिने मला वाटत होतं की तो कुंपणापलीकडे माझी मान वर व्हायची वाट बघत उभा आहे. माझा एकच मित्र होता आणि मी त्याला हरवायला निघालो होतो. मला त्याची फार आठवण येते.

२७ डिसेंबर

पडदा काढला. नऊ वाजता तिच्या अंगणात गेलो. कुऱ्हाड निघेना. बर्फ, गंज, दहा महिने. पाचर ठोकून, गरम पाणी ओतून, शिव्या देऊन अर्ध्या तासाने निघाली. रुसका दारातून म्हणाली, आता हे लाकूड कशाला हवंय? मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, मग फोड, आणि कणीक मळायला आत गेली.

सत्ताविसावा फोडला, म्हणजे चिरलेला अर्धा. मग पहिला. गाठी खरोखरच एकट्याच्या नाहीत. तीन घाव नेमके बसले, चार हुकले, एक बुटाशेजारी. श्वास लागला. कुऱ्हाड टेकवली आणि दम घ्यायला थांबलो.

दार धाडकन उघडलं. रुसका बर्फात, पायात नुसत्या सपाता, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे, तोंड चादरीसारखं पांढरं. मी म्हणालो, काही नाही, दम घेतोय. ती बघतच राहिली. मग असा आवाज चढवला की समोरच्या घराची खिडकी उघडली. म्हणाली, मग तसं तोंडाने सांगायचं! थांबायच्या आधी सांगायचं!

त्यानंतर दर वेळी थांबताना ओरडलो: थांबतोय, बरा आहे! आतून ती ओरडायची: ऐकलं! चारदा घाव घातले की एकदा ओरडायचं. रस्त्यावरून झ्लात्का जात होती, तिने काही विचारलं नाही.

दुपारपर्यंत तीन ओंडके झाले. घसा पार बसला. उद्या बहुतेक बोलता येणार नाही, तेव्हा एक घंटा शोधणे.